कॉलरवरची पिन

"आणि कॉलरवरची पिन त्यांच्या आईची आहे," अत्तर म्हणाला, आणि पत्रकारांच्या खोलीतली सगळी पेनं एकदम खाली वाकली. माझंही वाकलं, सवयीने. 'पिन, आईची' असं लिहून मी खाली रेघसुद्धा मारली, आणि रेघ अर्ध्यावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही आई म्हणजे मी. माझ्याकडे जन्मात कधी कोटाची पिन नव्हती. माझा कोट बटणांनी बंद होतो. मी रेघ पुरी केली, कारण अर्धवट रेघ वाईट दिसते, आणि मान वर करून अत्तराकडे बघितलं. तो खिडकीशी उभा राहून, दोन बोटं स्वतःच्याच कॉलरवर टेकवून, पिन कुठे असेल ते आम्हाला दाखवत होता. अत्तर हे काही त्याचं नाव नाही. नव्या सरकारातल्या बायकांनी कुठल्या समारंभाला काय घालायचं ते ठरवायला पक्षाने नेमलेला तो सल्लागार. तो खोलीत येण्याआधी त्याचा वास येतो आणि तो गेला तरी वास जायचं नाव घेत नाही, म्हणून आम्ही सगळे त्याला पाठीमागे अत्तर म्हणतो. प्रत्येक शपथविधीच्या आधी तो आम्हाला या बाजूच्या खोलीत बसवतो, पातळ कॉफी पाजतो, आणि कोणती बाई काय घालून येणार आणि त्याचा अर्थ काय, ते सांगतो. पूर्वी आम्ही आधी बघायचो आणि मग अर्थ लावायचो. आता अर्थ आधी हातात पडतो आणि बघणं वरातीमागून येतं. कुणाची तक्रार नाही. कॉफी फुकट असते.

अर्थमंत्री बाई गडद निळ्या कोटात येतील, निळा म्हणजे भरवसा. शिक्षणवाल्या बाई पांढऱ्यात, पांढरा म्हणजे कोरी पाटी. प्रमुखांची बायको राखाडीत, कारण तिला कुणाच्या नजरेत भरायचं नाही, आणि हे आम्ही ठळक अक्षरांत छापावं अशी विनंती. सगळ्यांत शेवटी घरबांधणी मंत्री, मंत्रिमंडळातली सर्वांत लहान मुलगी. ती विटकरी कोटात. विटकरी म्हणजे वीट, वीट म्हणजे घर. इथे अत्तर थोडा थांबला, आम्ही टाळ्या वाजवू अशी त्याची समजूत असावी. मग पिन. एका कष्टाळू आईने आपल्या लेकीला दिलेली, चमकदमक नसलेली, साधी पिन. "आई हयात आहेत?" टीव्हीच्या माइकवालीने विचारलं. "आहेत," अत्तर म्हणाला, "पण प्रसिद्धी त्यांना आवडत नाही. आणि हल्ली तब्येतही बरी नसते." मी दुसरं बिस्किट घेतलं. माझी तब्येत ठणठणीत आहे. मला आयुष्यात एकदाच दवाखान्यात झोपवलं होतं, ते हिला जन्म द्यायला.

त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मी लिहिते 'आरसेवाली' या नावाने, आणि ते नाव इतकी वर्षं चाललंय की मला फोन करणारेसुद्धा आरसेवाली बाई आहेत का असंच विचारतात. लेकीला तिच्या बापाचं आडनाव आहे आणि बापाचं नाक. माझं तिच्यात काय आहे ते फक्त मला दिसतं, तेही ती चालताना. आमच्या वर्तमानपत्राचा एक जुना नियम आहे, नात्यातल्या माणसावर लिहायचं नाही. आणि नातं लपवून लिहिलं तर त्याच दिवशी टेबल रिकामं करायचं. ती निवडणुकीला उभी राहिली तेव्हा मी संपादकाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. काय सांगणार? की जी मुलगी गेल्या कित्येक वाढदिवसांना मला फोन करत नाही, आणि मीही तिला करत नाही, ती माझ्या नात्यातली आहे? नातं असं काही उरलंय का, याचीच मला शंका होती. आणि आज हा अत्तराचा वास मारणारा माणूस सगळ्यांदेखत सांगत होता, की आहे. पिनेएवढं आहे. मला त्याचा राग आला, आणि रागाच्या खाली लाज वाटावी असा आनंद झाला. त्या आनंदाचा मला आणखी राग आला.

अत्तराला मीच जन्माला घातलंय, असं म्हटलं तरी चालेल. तोच एकदा हात जोडून मला म्हणाला होता, "बाई, मी तुमच्या लेखांवर वाढलो." कॉलेजात असताना माझी कात्रणं कापून भिंतीला लावायचा म्हणे. वाह. लेक वाढली आजीच्या हातचं खाऊन, आणि हा वाढला माझ्या लेखांवर, आणि दोघांचं काय झालं ते समोर आहे. ते लेखही कसे सुरू झाले? आधीच्या राजवटीतल्या एका बड्या माणसाची विधवा एका समारंभाला हिरवा कोट घालून आली. संपादकाला अर्धा रकाना भरायचा होता, आणि मी नवीन होते, म्हणून तो रकाना माझ्या गळ्यात पडला. मी लिहिलं की हिरवा म्हणजे पालवी, हिरवा म्हणजे दुःखातून वर येणारा कोंब, ही बाई न बोलता आपल्याशी बोलते आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी सगळं शहर त्या कोंबाविषयी बोलत होतं. पुढे एकदा ती विधवाच भेटली तेव्हा हसून म्हणाली, "अगं, काळा धुवायला टाकला होता." पण गंमत अशी की माझं वाचल्यावर ती बाई जिथे तिथे हिरवाच घालून जायला लागली. मग दुसऱ्या बायका घालायला लागल्या. मग पक्षांनी माणसं नेमली, ती माणसं माझे जुने लेख वाचून बायकांना कपडे घालायला लागली, आणि त्या बायका जे घालून येत त्याचा अर्थ मी नव्याने सांगायला लागले. माझीच उष्टी मला वाढून येत होती आणि मी ती चवीने खाऊन दाखवत होते. त्यावर माझं भाडं गेलं, चष्मे झाले, दातही बसवून झाले. ते दात नवऱ्याने बसवलेले नाहीत. तो दातांचा डॉक्टर आहे, पण त्याच्यापुढे तोंड उघडायची वेळ तोवर संपली होती.

आणि पुरुष? पुरुषांचं बरं असतं. काळा सूट, पांढरा शर्ट, गळ्यात टाय, झालं. अमुक मंत्री काळ्यात आले म्हणजे ते कशासाठी दुःखी आहेत, असं कुणी विचारत नाही. मागच्या वेळी एकाने पँटची चेन उघडी ठेवून राज्यघटनेशी निष्ठा वाहिली, आणि आम्ही त्याचासुद्धा अर्थ लावला नाही. खरं तर लावण्यासारखा तोच होता. बाई मात्र दारातून आत आली की आम्ही पन्नास माणसं तिच्या अंगावर तुटून पडतो, कॉलरपासून टाचेपर्यंत, आणि त्या बाईने सकाळी कपाटासमोर उभं राहून फक्त काय इस्त्री केलेलं आहे ते बघितलं असेल, ही शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही. मला सगळ्यांचाच कंटाळा येतो. कपडे घालणाऱ्यांचा, घालायला लावणाऱ्यांचा, वाचणाऱ्यांचा. लिहिणारीचा सगळ्यांत जास्त येतो, पण तिच्याबरोबर मला राहावं लागतं.

घंटा झाली आणि आम्ही वरच्या सज्जात गेलो. खाली मोठं सभागृह, लाल जाजम, उंच पाठीच्या खुर्च्या, आणि मधोमध तो माइक. गेल्या सरकारच्या वेळी तो कुणाच्याच उंचीचा नव्हता आणि अजूनही नाही. सज्जातून नीट दिसत नाही, म्हणून मी नेहमी छोटी दुर्बीण नेते. निळी बाई आली, भरवसा देऊन गेली. पांढरी बाई आली, तिच्या कोऱ्या पाटीवर कॉफीचा डाग पडला होता आणि तो तिने फाइलने झाकला होता. हे त्या दिवसातलं एकमेव खरं चिन्ह होतं आणि ते कुणी छापणार नव्हतं. मग विटकरी. ती चालत आली आणि मला आधी ती चाल दिसली. डावी टाच किंचित घासत चालते ती. मीही तशीच चालते, माझ्या डाव्या बुटाची टाच आधी झिजते. एवढंच मी तिला दिलंय आणि ते तिने मागितलेलं नव्हतं. आज ती जास्तच घासत होती. मी दुर्बीण वर केली. कॉलरवर एक पान होतं, चांदीसारखा मुलामा दिलेलं, आणि पानाच्या टोकाला निळ्या काचेचा थेंब. कुठल्याच झाडाला न येणारं पान. स्वस्त आणि वर नक्षी. मी असली वस्तू कुणाच्या अंगावर बघितली असती तर तीन ओळींत तिचा निकाल लावला असता.

पण मी बघत राहिले. सांगायलाही हसू येतं. जिने बाजारातल्या एकेका रंगाला अर्थ चिकटवून तो विकला, जिला पक्कं ठाऊक आहे की हिरवा म्हणजे फक्त काळा धुवायला टाकलाय, ती बाई कठड्याला पोट टेकवून एका काचेच्या थेंबात स्वतःला शोधत होती. निळाच का? मला निळा आवडायचा का? आवडायचा का तिच्यासमोर कधी? डाव्या बाजूला का लावली? मी डावरी आहे म्हणून? शपथ घेताना तिचा आवाज एका ठिकाणी बसला, आणि वाक्य संपल्यावर तिने पिनेला हात लावला. मला वाटलं, तो हात मला आहे. मला इतकं स्पष्ट वाटलं की मी इकडे तिकडे बघितलं, कुणी बघितलं का म्हणून. पी हळद आणि हो गोरी, तसं माझं झालं होतं, एका सकाळीत आई.

शेजारून हात आला. "बाई, द्या जरा ती." हा सायंकाळ. सायंदैनिकाचा बातमीदार, म्हणून सायंकाळ. टक्कल, तोंडात कायम काडी, आणि नाक असं की ज्या घरात काही जळत नाही तिथेही त्याला धूर येतो. बरेचदा तिथे खरंच काही जळत असतं. त्याने दुर्बीण लावली आणि काडी चावायची थांबवली. "अहो, ही तर आमच्या हिच्याकडे आहे."

"काय?"

"पिन हो. भुयारी रस्त्यात ते काचेच्या दागिन्यांचं दुकान नाही का, स्टेशनखाली? परवा घेतली मी बायकोला. रुसली होती. तिथे ढीग पडलाय असल्या पानांचा. आईची म्हणे! कुणाच्या आईची? दुकानदाराच्या?" त्याने दुर्बीण मला परत दिली आणि काडी पुन्हा चालू केली. "वा. वीट म्हणजे घर आणि पिन म्हणजे थाप. संध्याकाळच्या अंकाला झालं काम."

"पिनेवरून मंत्री पाडणार तुम्ही?"

"मी कशाला पाडतो? तो खोट्या पदवीवाला मंत्री आठवतोय ना तुम्हाला? एका कागदावरून गेला. लोकांना धोरणं कळत नाहीत बाई, थाप कळते. त्यात आईच्या नावाने मारलेली." तो उठलाच. "आईला गाठतो आधी. बाप दातांचा डॉक्टर आहे, त्याच्याकडून पत्ता मिळेल. आई नाही म्हणाली की विषय संपला."

मला बरं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. अत्तराचं तोंड डोळ्यासमोर आलं, उतरलेलं. मग डॉक्टर डोळ्यासमोर आला. त्याला फोन गेला तर तो खरं सांगेल. तो नेहमीच खरं सांगायचा, तेच तर त्याच्याबरोबर राहणं कठीण करून ठेवायचं. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. नवरा वाईट असता तर बोलायला विषय तरी मिळाला असता. एका सकाळी त्याने मला सांगितलं की माझ्या बोलण्यात सगळ्यांविषयी तुच्छता असते, आणि ती मुलीला लागेल. आणि ते इतकं खरं होतं की त्यानंतर त्या घरात नाश्ता करणं मला जमेना. मुलगी अकरा-बारा वर्षांची. तिला विचारलं, तर ती म्हणाली, माझी शाळा इथे आहे, आजी इथे आहे. मी म्हटलं, ठीक. सासू दारात उभी राहून बघत होती, मी काय काय नेते ते, आणि म्हणून मी तिला दाखवून दाखवून सगळं नेलं. कपडे, पुस्तकं, रुमाल, पट्टा तुटलेली चप्पल, कंगवा आणि कंगव्यातले केससुद्धा. त्या घरात माझी एक चिंधी राहता कामा नये. जिन्यावरून उतरताना बॅगेने खांदा निखळायला आला होता आणि मी अभिमानाने फुगले होते. तो अभिमान मी अजून जपून आहे. जपण्यासारखं दुसरं फारसं नाही. डॉक्टर फोनवर शांतपणे म्हणेल, पिन? माझ्या घरात तिच्या आईचं काहीही नाही.

शपथा संपल्या, खाली हस्तांदोलनं सुरू झाली, आणि मी मागच्या जिन्याने उतरले. दारावरचा शिपाई मला ओळखतो, त्याने अडवलं नाही. पाहुण्यांचे कोट ठेवायची खोली सभागृहाच्या मागे आहे, लांबट, खिडकी नसलेली, दोन्ही बाजूंना खुंट्यांवर पुरुषांचे काळे कोट, सगळे एकसारखे, प्रत्येकाला नंबराचा बिल्ला. हिला कुठे गाठावं याचा विचार करत मी तिथे शिरले, आणि कोटांच्या खाली बाकावर घरबांधणी मंत्री बसलेली होती, डावा बूट काढून, टाच हातात घेऊन. मोज्याला रक्ताचा ठिपका होता. तिने वर बघितलं. दचकली नाही.

"आई," ती म्हणाली, जणू मी शेजारच्या खोलीतून आले होते.

"लहान आहेत बूट."

"माप विचारून घेतलं होतं त्यांनी. आणले मात्र त्यांना आवडले ते."

"टाचेत कापूस घाल."

"घातलाय गं."

यानंतर आम्ही दोघी त्या बुटाकडे बघत राहिलो. बोलायला काही तरी मिळाल्याचं समाधान होतं ते, आणि ते संपू नये असं मला वाटत होतं. पण सायंकाळ कुठे तरी फोन लावत होता. "पिन कुणाची?" मी विचारलं.

तिचा हात कॉलरवर गेला. "ऐकलंस तू."

"सगळ्यांनी ऐकलं. मी तर लिहूनही घेतलं."

"मग छाप की. तेवढंच तर करतेस तू. लोकांच्या अंगावरचं मोजतेस."

हे तिने कुठून उचललं ते मला कळलं. ते वाक्य माझ्याच धाटणीचं होतं. डॉक्टरचं खरं ठरलं होतं, माझी तुच्छता तिला लागली होती. "भुयारातल्या दुकानातली आहे," मी म्हटलं. "एकाने ओळखलीय. त्याच्या बायकोकडे तसलीच आहे. आता तो तुझी आई शोधत फिरतोय, आणि संध्याकाळच्या अंकात तुझं मंत्रिपद जाईल."

ती पांढरी पडली. मग हसली, बापासारखी, आवाज न करता. "मग सांग त्याला, सापडली म्हणून. सांगशीलच तू. खोटं नाही चालत तुला."

"मला खोटंच चालतं. त्यावर माझं घर चालतं. पण हे खोटं धड तरी करायचंस. काय पान आहे ते? कुठल्या झाडाला येतं असलं पान?"

तिने बूट पायात घालायचा प्रयत्न केला, तो गेला नाही, आणि मग ती बुटाशीच बोलल्यासारखी बोलू लागली. "त्यांनी विचारलं, आईचं काही आहे का तुमच्याकडे. असलं तर घाला, लोकांना आवडतं. मी म्हटलं, आहे. पटकन म्हणून गेले. असतंच ना सगळ्यांकडे. घरी येऊन शोधलं. बाबांचं कपाट, आजीची पेटी, माळा, सगळं उपसलं. बाबा विचारतायत, काय हरवलंय तुझं. काही नाही, आई. एक रुमालसुद्धा नाही. तू जाताना घर पुसून नेलंस." ती थांबली. "मग त्यांना नाही म्हणून सांगायची मला लाज वाटली. आईचं काहीच नाही माझ्याकडे, हे कुणाला कसं सांगायचं? म्हणून विकत घेतली."

"कुणाला तरी पाठवायचंस. मंत्री स्वतः जातात का भुयारात?"

"मीच गेले. डोक्यावरून रुमाल बांधून. खूप वेळ उभी होते तिथे. दुकानदार वैतागला. तू असतीस तर कुठली घेतली असतीस, ते बघत होते."

मी ती कधीच घेतली नसती. त्या दुकानातली कुठलीच घेतली नसती, दुकानावरच एक लेख लिहिला असता. हे ओठांवर आलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओठांवर आलेलं मी गिळलं. मला रडू आलं. कोटांच्या त्या ओळीत, लोकरीच्या आणि ओल्या धुराच्या वासात, मला रडू आलं, आणि मी एका कुणा मंत्र्याच्या बाहीत तोंड घातलं. बाहेर कुणी तरी "मॅडम, फोटो!" म्हणून हाक मारली. अत्तराचा वास दारातून आत येऊ लागला होता. तिने दात आवळून बूट घातला आणि उभी राहिली. तिची उंची माझ्यापेक्षा जास्त झालीय हे मला तेव्हा कळलं.

"तुला जे सांगायचं ते सांग त्याला," ती म्हणाली. "मी नाही अडवणार." आणि डावी टाच घासत गेली.

सायंकाळ बाहेरच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता, फोन कानाला लावून. मला बघून त्याने भुवया उडवल्या. "डॉक्टरच्या दवाखान्यात लागलाय. पेशंट आहे म्हणे खुर्चीत, थांबा म्हणतायत. थांबतो की, मला काय."

"ठेवा तो फोन."

"का?"

"आई मी आहे."

तो हसला, मग माझ्याकडे नीट बघितलं, मग खाली माझ्या पायाकडे, आणि काडी तोंडातून काढली. मघाशी सज्जातून त्याने तिला चालताना बघितलं होतं, आणि मला तर तो बरीच वर्षं जिन्यांवरून वर-खाली करताना बघतोय. त्याने फोन बंद केला. "बाई, हे तुम्हाला परवडायचं नाही. तुमच्याकडे तो नियम आहे ना? मी हे छापलं की तुमचं सदर गेलं."

"जाऊ दे. बरेच दिवस राहिलं."

"म्हणजे पिन तुमची?"

"माझी."

"भुयारातली?"

"भुयारातलीच. ते दुकान काय आजचं आहे? असल्या पानांचा तिथे तेव्हाही ढीग असायचा. म्हणून तर मी घेऊ शकले."

"शपथेवर?"

"शपथा आज पुष्कळ झाल्या. लिहा."

त्याने वही काढली, पण पेन टेकवलं नाही. मूर्ख नाही तो. थाप ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलंय, आणि माझं ती मारण्यात. आम्ही दोघं एकमेकांकडे, एकाच बाजारातले दोन दुकानदार बघतील, तसे बघत होतो. आतून कॅमेऱ्यांचे आवाज येत होते. "अर्थ काय तिचा?" त्याने विचारलं. "तुमच्या भाषेत सांगा. आरसेवालीचा शेवटचा अर्थ."

"काही अर्थ नाही. जुन्या कोटाचं वरचं बटण तुटलं होतं. थंडी वाजायची गळ्याला."

ते त्याने लिहिलं. लिहिता लिहिताच, वर न बघता, त्याने विचारलं, "मघाशी दवाखान्यातली बाई फोनवर सांगत होती, तुम्ही घर सोडून गेलात तेव्हा ती लहान होती. सगळं सामान घेऊन गेलात. मग ही पिन तिथे कशी? राहून गेली?"

हो म्हणणं सोपं होतं. राहून जातात वस्तू, कुणाच्याही राहतात, कुणीही विश्वास ठेवला असता.

"राहून नाही गेली," मी म्हटलं. "सगळं नेलं आणि ती एक ठेवली. तिच्या उशीखाली. मुद्दाम ठेवली, असं लिहा."